साखरेचे रेणू आणि पाण्याची पारख



आजचा विषय फळ्यावर लागल्यापासून दोघातिघांनी मला विचारले, की तुम्ही मधुमेहावर बोलणार की साखर कारखान्यांवर? दोन्ही विषय जिव्हाळ्याचे आहेत, आणि दोन्हींवर माझ्यापेक्षा अधिकाराने बोलू शकतील अशी माणसे याच मांडवात बसलेली असतील. मला सांगावयाचे आहे ते निराळेच. साखरेच्या घराण्यातील काही रेणू असे आहेत, की ते पाण्यात टाकले म्हणजे कोणी हुकूम न सोडता आपणहून रांगा धरतात, गोल करून बसतात, जाळी विणतात. आणि असे जमले म्हणजे एखादा जंतू, एखादा विषाणू किंवा एखादे विष ओळखून त्याची वर्दी देऊ शकतात. अशी वर्दी देणाऱ्या साधनाला शास्त्रात संवेदक म्हणतात. रोजच्या बोलण्यात आपण सेन्सर म्हणतो. मधुमेहाच्या तपासणीत आपण रक्तातली साखर शोधतो. येथे उलट आहे: साखरेकडूनच शोध करवून घ्यावयाचा आहे.

याची गरज काय, ते आधी सांगतो. उन्हाळ्याचे दिवस आहेत. विहिरी तळाला गेल्या आहेत, टँकरच्या फेऱ्या सुरू आहेत, आणि पहिला पाऊस पडला की नळाला गढूळ पाणी येणार हे सांगावयास ज्योतिषी नको. या पाण्यात रोगाचे जंतू आहेत की नाहीत, हे कसे समजावे? पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसते, जिभेला गोड लागते, आणि तरीही त्यात पटकी असू शकते. नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत जातो, तेथे तो उबेच्या पेटीत ठेवतात आणि जंतूंची वाढ होण्याची एक-दोन दिवस वाट पाहतात. अहवाल येतो तोवर ते पाणी आपण पिऊन मोकळे झालेले असतो. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतील मांजा, मौर्य आणि राव या तिघांनी एक सोपी युक्ती प्रसिद्ध केली. बाटलीत औषध लावलेला कागदाचा तुकडा असतो. बाटलीत पाणी भरून उबदार जागी ठेवावे, आणि बारा ते अठरा तासांत ते काळे पडले तर पाण्याला विष्ठेचा संसर्ग झाला आहे असे समजावे. खेड्यापाड्यांत ही बाटली फार उपयोगी पडली. तरी रात्र ही जातेच. कारण या सर्व रीतींत आपण जंतूला ओळखत नाही, तो वाढेपर्यंत थांबतो.

थांबण्याच्या या रीतीच्या मुळाशीही साखरच आहे, आणि ती गोष्ट सांगण्याजोगी आहे. १८८१ साली बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेस नावाचे एक डॉक्टर काम करीत होते. जंतू वाढविण्यासाठी त्या काळी जिलेटिनचा थर घेत. जिलेटिन हाडांपासून आणि कातड्यापासून निघते. जरा उष्मा झाला की ते पातळ होई, आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकीत. हेस बेजार झाले. त्यांच्या पत्नी फॅनी हेस नवऱ्याच्या कामासाठी जंतूंची चित्रे काढून देत. त्यांनी सुचविले, की मी मुरंब्याला आणि जेलीला जी वस्तू घालते ती घालून पाहा. ती वस्तू म्हणजे अगर, आपल्या वाण्याकडे मिळणारे चायना ग्रास. लहानपणी अमेरिकेत शेजारच्या डच कुटुंबाकडून, जे जावा बेटात राहून आले होते, त्यांना ही माहिती मिळाली होती असे सांगतात. अगर उकळत्या पाण्याच्या जवळपास गेल्याशिवाय वितळत नाही, आणि बहुतेक जंतूंना ते खाताही येत नाही. जगातल्या प्रत्येक जंतुशाळेत आजही तेच वापरतात. बाईंचे नाव त्यावर कोठे नाही, असो.

पण अगर गोठते ते कसे? ते समुद्रशेवाळातून निघते, आणि साखरेच्या शेकडो मण्यांची एक लांब माळ असा त्याचा प्रत्येक रेणू असतो. गरम पाण्यात या माळा सुट्या फिरतात. पाणी निवले की दोन माळा एकमेकींना पीळ देतात, असे अनेक पीळ एकत्र येऊन दोरखंड होतात, दोरखंडांची जाळी होते, आणि शंभर भाग पाणी दीड भाग अगराच्या जाळ्यात अडकून पडते. कोणी विणावयास बसलेले नसते. रेणूंच्या अंगच्या घडणीमुळे ही वीण आपोआप होते. हिलाच स्वयंरचना म्हणतात.

आता साखर या शब्दाचा आवाका थोडा वाढवू. आपण चहात घालतो ती उसाची साखर या घराण्यातली एक धाकटी पाती. ग्लुकोज, दुधातून येणारे गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्यूकोज अशा तिच्या पुष्कळ बहिणी आहेत. कापूस हा ग्लुकोजच्या माळांचाच बनला आहे, पण तो काही गोड लागत नाही. या बहिणी दिसावयास इतक्या सारख्या, की ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांत केवळ एका हाताची दिशा वेगळी. आणि तेवढ्यावर जीवसृष्टी त्यांना अचूक ओळखते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी ग्लुकोजची घडण उलगडून दाखविली, आणि १८९४ साली लिहिले, की पाचक द्रव्य आणि त्याला लागू पडणारी शर्करा यांचा मेळ कुलूप आणि किल्ली यांच्यासारखा असला पाहिजे. कुलूप-किल्लीची ही उपमा आज प्रत्येक वैद्यकीय पुस्तकात आहे. ती प्रथम सुचली ती साखरेवरून.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेच्या अशा किल्ल्या टांगलेल्या असतात. रक्तगट म्हणजे दुसरे काय आहे? तांबड्या पेशीवरील साखळीच्या टोकाला फ्यूकोज असले की ओ गट. त्यावर गॅलॅक्टोजची आणखी एक कडी चढली की बी. गॅलॅक्टोजच्याच एका भावंडाची चढली की ए. १९५२ साली मुंबईत डॉक्टर य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रक्त पाहिले, की जे कोणत्याच गटात बसेना. टोकाचे ते फ्यूकोजच त्यात नव्हते. त्यांचा लेख 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला आणि मुंबई रक्तगट हे नाव जगभर गेले. अशा माणसाला ओ गटाचे रक्त, जे कोणालाही चालते अशी आपली समजूत, तेही चालत नाही. ते दिले तर जिवावर बेतते. साखरेची एक कडी, आणि तिच्यावर माणसाचे जगणे-मरणे.

किल्ल्या असल्या की चोर आलेच. एरंडाच्या बियांतले विष पेशीवरच्या गॅलॅक्टोजला धरून आत शिरते. १८८८ साली दोर्पात येथे स्टिलमार्क नावाच्या विद्यार्थ्याने एरंडाच्या बियांचा अर्क रक्तात घातला, तेव्हा तांबड्या पेशींच्या गुठळ्या झाल्या. हे विष एकाच वेळी अनेक पेशींच्या साखरा धरून त्यांना एकत्र बांधते, म्हणून. इन्फ्लुएंझाचा विषाणू सिॲलिक आम्ल नावाच्या साखरेला धरतो. आपल्या आतड्यात राहणारा ई-कोलाय जंतू मॅनोजला चिकटतो. आणि पटकीचे विष? पटकीचा जंतू स्वतः आतड्याचे काही कुरतडत नाही, तो विष सोडतो आणि ते विष घात करते, हे कलकत्त्याच्या डॉक्टर शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशाच्या आतड्यावरील प्रयोगांनी दाखविले. पुढे १९७० नंतरच्या तीन-चार वर्षांत कळले, की हे विष पेशीच्या आवरणातील जीएम-वन नावाच्या एका मेदाला धरते, आणि त्या मेदाच्या डोक्यावर पाच साखरांचा तुरा असतो. विषाची घडण पाहिली तर सदाफुलीसारखी, पाच पाकळ्यांची; प्रत्येक पाकळीला एक तुरा धरण्याची खोबण.

तेव्हा कल्पना उघड आहे. रोग ज्या किल्लीने घरात शिरतो, ती किल्ली आपणच बनवून अंगणात टांगावी. जो येऊन तिला हात घालील तो चोर. औषधालयात मिळणाऱ्या गर्भपरीक्षेच्या पट्टीत, किंवा २०२१ साली नाकात काडी घालून आपण ज्या करोनाच्या चाचण्या केल्या त्यांत, ओळखण्याचे काम प्रतिपिंडे करतात. ती प्रथिने आहेत; जिवंत पेशींकडून तयार करून घ्यावी लागतात, आणि अशा पुष्कळ डब्यांवर तीस अंशांच्या आत ठेवा असे छापलेले असते. मे महिन्यात आपल्या गावी तीस अंश कोठे शोधावयाचे, हे छापणाऱ्यांनीच सांगावे. साखर त्या मानाने काटक. शिवाय प्रतिपिंड विषाणूचे जे अंग ओळखते ते अंग विषाणू पुढच्या वर्षी बदलू शकतो. पण ज्या साखरेला धरून त्याला आत शिरावयाचे आहे तिच्याशी असलेली ओळख त्याला सहजी सोडता येत नाही.

मग अडचण काय? अडचण अशी, की साखरेची पकड फार ढिली असते. इन्फ्लुएंझाच्या विषाणूची एक खोबण आणि सिॲलिक आम्लाचा एक रेणू यांची गाठ पडते आणि क्षणात सुटते. लिटरभर पाण्यात अर्धा-पाऊण ग्रॅम सिॲलिक आम्ल विरघळवावे, तेव्हा कोठे एका वेळी निम्म्या खोबणी भरलेल्या सापडतात. असल्या पकडीवर चोर पकडता यावयाचा नाही. निसर्गाने ही अडचण सोडविली ती संख्येने. विषाणूच्या अंगावर तीन-चारशे आकडे असतात आणि पेशीच्या अंगावर साखरा दाट लागलेल्या असतात. एक गाठ सुटली तरी शेजारच्या नऊ धरून असतात. काट्याच्या एका कुसळाने धोतर अडकत नाही. कुसळांचा झुबका लागला म्हणजे मात्र ते फाटते, सुटत नाही. म्हणून साखरेचे रेणू नुसते पाण्यात सोडून भागत नाही. ते दाटीवाटीने, एका रांगेत, तोंडे बाहेर करून उभे राहिले पाहिजेत. आणि अब्जावधी रेणूंना चिमट्याने धरून रांगेत कोण उभे करणार? त्यांनी आपणहूनच उभे राहिले पाहिजे. स्वयंरचना येथे शोभेसाठी नाही. तिच्यावाचून हा संवेदक मुळी आंधळाच.

ते आपणहून कसे उभे राहतात, यासाठी मी ही बाटली आणली आहे. यात रात्री भिजत घातलेल्या रिठ्याचे पाणी आहे. पाहा, दोनदा हलविले आणि गळ्यापर्यंत फेस आला. रिठ्यातले हे द्रव्य साखरेचेच आहे. त्याच्या रेणूचे एक अंग साखरेचे, त्याला पाणी प्रिय. दुसरे अंग तेलकट, त्याला पाण्याचे वावडे. असे रेणू पाण्यात पडले म्हणजे काय करतील? थंडीच्या रात्री शेकोटीभोवती माणसे बसतात तशी ती बसतात. फरक इतकाच, की तेलकट अंग आत आणि साखरेचे अंग बाहेर पाण्याकडे. शेकोटीभोवती गोल करून बसा असे कोणी सांगत नाही. थंडीच ते काम करते. शेपटी अधिक जाड किंवा दुहेरी असली, तर गोलाऐवजी दुहेरी थर होतो. दोन पंगती पाठीला पाठ लावून बसाव्यात, तोंडे बाहेर वाढप्यांकडे, तसा. येथे वाढपी म्हणजे पाणी. हा दुहेरी थर वाकून आपली टोके जुळवतो आणि पोकळ गोळी तयार होते. तिच्या आतही पाणी, बाहेरही पाणी. आपल्या पेशीचे आवरण याच घडणीचे आहे.

आता मुख्य प्रयोग सांगतो. १९९५ साली कॅलिफोर्नियात बर्कली येथील लॉरेन्स प्रयोगशाळेत डेबोरा चारिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गोळ्या केल्या, पण त्यांच्या शेपट्या साध्या घेतल्या नाहीत. शेपटीत डायॲसिटिलीन नावाचा एक सांधा होता. या सांध्याचा गुण असा, की रेणू नीट रांगेत बसले असतील तरच, अतिनील किरण पडताच, शेजारी शेजाऱ्याचा हात धरतो आणि सारी रांग एका साखळीत गुंफली जाते. स्फटिकांमध्ये होणारी ही किमया जर्मनीत गेर्हार्ड वेगनर यांनी १९६९ साली दाखविली होती. गुंफलेली साखळी गडद निळी दिसते. साखळी सरळ ताणलेली असते तोवर निळी. तिला पीळ पडला, मुरड बसली, की तांबडी. नवारीची बाज घट्ट विणलेली असावी आणि कोणी तिच्यावर बसावे, म्हणजे दाब एका जागी पडला तरी ताण साऱ्या नवारीत जातो. तसेच येथे होते. गोळीच्या अंगावर सिॲलिक आम्लाचे तुरे होते. इन्फ्लुएंझाचा विषाणू आला, अनेक तुरे एकदम धरून बसला, ते ओढले गेले, आतल्या साखळीला मुरड पडली, आणि निळे पाणी तांबडे झाले. दिवा नको, वीज नको, यंत्र नको, डोळ्यांनी दिसते.

यात एक बारीक हुशारी होती, ती मला सर्वांत आवडते. इन्फ्लुएंझाचा विषाणू आपल्याबरोबर कात्रीही बाळगतो. पेशीतून बाहेर पडताना साखरेत अडकू नये म्हणून सिॲलिक आम्ल कापून टाकणारे एक द्रव्य त्याच्या अंगावर असते. तो या गोळ्यांवर बसला असता आणि तुरेच कापून चालता झाला असता. शरीरात ही साखर पुढच्या साखरेला ऑक्सिजनच्या दुव्याने जोडलेली असते आणि कात्री नेमकी तेथेच चालते. चारिच यांच्या मंडळींनी तेथे ऑक्सिजनऐवजी कार्बनचा दुवा घातला. चोराला किल्ली तशीच दिसते, पण कात्री बोथट ठरते.

१९९६ साली त्याच मंडळींनी गोळ्यांत जीएम-वन घालून पटकीचे विष ओळखून दाखविले. १९९८ साली चीनमधील शास्त्रज्ञांनी साखर लावलेल्या गोळ्यांनी ई-कोलायची वर्दी मिळविली. पुढे, २००७ साली, इंग्लंडात नॉरिच येथे सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर शर्करेचा थर आपोआप बसवून पटकीच्या विषाची परीक्षा केली गेली. सोन्याचे असे सुटे कण पाण्यात तांबडे दिसतात. विषाने पाचही पाकळ्यांनी कण धरून त्यांचे घोस केले की जांभळे. एरंडाच्या विषाने रक्ताच्या गुठळ्या केल्या होत्या, त्याच जातीची ही गोष्ट. पेशीच्या जागी सोने.

पक्ष्यांच्या बाबतीतही या ओळखीला मोल आहे. माणसाच्या श्वासमार्गात सिॲलिक आम्ल शेजारच्या साखरेला एका कोपऱ्यावर जोडलेले असते, पक्ष्यांच्या आतड्यात दुसऱ्या कोपऱ्यावर. आणि माणसाचा फ्लू व पक्ष्यांचा फ्लू आपापला कोपरा पसंत करतात. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला भारतातील पहिली बर्ड फ्लूची साथ निघाली तेव्हा नमुने भोपाळला गेले, आणि नंतर लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. कोंबड्यांचा विषाणू माणसाच्या कोपऱ्याला चिकटावयास शिकला आहे काय, हा प्रश्न तेव्हा साऱ्या जगाच्या मनात होता. तो प्रश्न मुळात साखरेचा प्रश्न आहे.

रासायनिक पदार्थांच्या ओळखीविषयी थोडक्यात सांगतो. पिष्टापासून कड्याच्या आकाराचे रेणू मिळतात, ते १८९१ साली फ्रान्समध्ये व्हिलिए यांनी प्रथम वेगळे केले. सहा, सात किंवा आठ ग्लुकोज हात धरून फुगडी घालावी तसे ते असतात. बाहेरून पाण्याला प्रिय, पोटात तेलकट. शाळेत आपण फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग पाहिला आहे. सात ग्लुकोजच्या कड्यात ते द्रव्य शिरले की रंग जातो. पाण्यात दुसरे एखादे तेलकट द्रव्य आले आणि त्याने त्याला हुसकून जागा घेतली, की गुलाबी रंग परत येतो. कोण आला ते मात्र या कड्याला फारसे कळत नाही. कोणीतरी आला एवढेच.

आणि जाळी विणणारे रेणू? जपानात इतारू हामाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखरेचे डोके असलेल्या रेणूंची जेली केली आणि २००४ साली तिचे थेंब काचेवर ठिपक्यांसारखे मांडून दाखविले. प्रत्येक थेंबात एकेक पाचक द्रव्य किंवा त्याचे भक्ष्य अडकविलेले. प्रथिने वाळली की मरतात. येथे ती ओलीच राहतात. शिवाय जाळीचा धागा आतून तेलकट असल्यामुळे, पाचक द्रव्याने आपले भक्ष्य कापले की सुटा झालेला रंगाचा तुकडा त्या धाग्यात जाऊन बसतो आणि चमकू लागतो. म्हणजे जेली ही नुसती बशी नव्हे. वर्दी देण्याचे कामही तीच करते.

इतके सर्व असून, आपण विचाराल, की मग आमच्या नगरपालिकेच्या टाकीवर निळ्याची तांबडी होणारी पट्टी का नाही? त्या प्रयोगाला किती तरी वर्षे उलटून गेली. हा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर गुळमुळीत देता कामा नये.

पहिली गोष्ट म्हणजे संख्या. पहिल्या प्रयोगात डोळ्यांना रंग दिसावयास कोट्यवधी विषाणू लागत. आणि पिण्याच्या पाण्याचे मान असे, की शंभर मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही असता कामा नये. कोटी कोठे आणि एक कोठे! पाणी गाळून जंतू एकवटता येतात, रंग डोळ्यांऐवजी यंत्राने मोजता येतो, तरी हे अंतर लहान नाही. दुसरी गोष्ट, ही निळी साखळी हळवी आहे. साबणाचा अंश, क्षार, मद्यार्क, उष्णता, कशानेही ती तांबडी होते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत विसरलेली पट्टी जंतूवाचून पटकी दाखवील. गढूळ पाण्यातल्या मातीचा तर विचारच करावयास नको. तिसरी, एका किल्लीने अनेक कुलपे उघडतात. मॅनोजला चिकटणारे जंतू एकटे ई-कोलाय नाहीत. म्हणून आता बरेच जण एका साखरेवर विसंबत नाहीत. वेगवेगळ्या साखरांचे ठिपके रांगेने मांडतात आणि कोणते ठिपके बदलले यावरून आलेल्याची ओळख पटवतात, जशी आपण नुसत्या नाकावरून माणसाची पटवत नाही.

माझे मत विचाराल तर, विहिरीच्या काठावर या पट्टीला आपण चुकीच्या जागी उभी करीत आहोत. विहिरीच्या पाण्यात जंतू विरळ असतात. पटकीच्या रोग्याला जे तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात, त्यांच्या एका मिलिलिटरमध्ये मात्र जंतू कोटीच्या घरात असतात, आणि विषही तेथेच. साथीत पहिला रोगी तासाभरात ओळखला जाणे, तोही तालुक्याच्या दवाखान्यात, विजेवाचून, चाळीस अंशांच्या उन्हात, याचे मोल फार आहे. पंढरीच्या वाटेवर एके काळी पटकीने किती दिंड्या अर्ध्यावरून परत फिरविल्या, ते जुन्या मंडळींच्या घराघरात सांगितले जाते. तेथे संख्येची अडचण उरत नाही. उरते ती रंगाच्या हळवेपणाची, आणि ती रसायनशास्त्राच्या हातातली आहे. प्रतिपिंडांच्या पट्ट्या या कामासाठी आज मिळतात आणि त्या वाईट नाहीत. साखरेची पट्टी त्यांच्यापेक्षा स्वस्त आणि काटक निघाली तरच तिला जागा मिळेल. प्रयोगशाळेत सुंदर दिसली एवढ्यावर नव्हे.

पाण्यापुरते बोलावयाचे तर तूर्त जंतू शोधीत बसण्यापेक्षा क्लोरीन शोधावा. नळाच्या शेवटच्या तोटीला क्लोरीन उरलेला आहे की नाही, हे दोन थेंब औषधाने मिनिटभरात समजते. पाणी पिवळे झाले तर आहे. ही परीक्षा आपल्या पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्यांना येते. ती टाकीजवळच्या नळावर न करता शेवटच्या आळीतल्या नळावर रोज केली जाते काय, एवढे मात्र नागरिकांनी विचारावे. पाऊस दूर नाही.

 कोणाला शंका असतील तर अध्यक्षांच्या परवानगीने विचाराव्यात. रिठ्याची बाटली येथे टेबलावर ठेवतो. मुलांनी पुढे येऊन हलवून पाहावी. डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नये, फार झोंबते.